पुळणीवर पाकट गरीला लागलं तर

गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला, जाताना माझ्या पिशवीत दोन थर्मास असतात. लाल थर्मासात चहा. निळ्यात नुसतं उकळून ओतलेलं पाणी, १ लिटर. भाट्याच्या पुळणीवर नव्याने येणारी मुलं विचारतात, "मावशी, दुसऱ्यात काय?" मी सांगते, पाकटासाठीचं पाणी. (पाकट म्हणजे शेपटीवर विषारी काटा असलेला चपटा मासा, स्टिंग रे.) मग ती पाण्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. ते आता लिहूनच काढते.

मी रत्नागिरीची. नोकरीने परिचारिका. वयाच्या नवव्या वर्षापासून बाबांचं बोट धरून गरवायला जाते, तेव्हा रॉड नव्हता, लाकडाच्या फळकुटाला गुंडाळलेलं तंगूस, म्हणजे गरवायची नायलॉनची दोरी, होतं. आमच्या दोन जागा ठरलेल्या. एक भाट्ये, जिथे काजळी नदी समुद्राला मिळते, आणि दुसरी काळबादेवीची लांब पुळण. दोन्हीकडे तळ वाळूचा आणि चिखलाचा, शिसं लावून आमिष तळाशी टाकायचं. तळाशी आमिष टाकलं की पाकट येणारच. खजुरी नाहीतर तांबोशी मिळेल म्हणून टाकलेल्या गरीला पाकट लागतं, आणि मग माणसं घाबरतात. घाबरलेला माणूस काय करतो ते मी शेकडो वेळा पाहिलंय. पाय देऊन दाबतो, दगडाने ठेचतो, कोयत्याने शेपटी उडवतो आणि उरलेलं धड समुद्रात फेकतो. किंवा वाळूवर तसंच सोडतो.

खायला नेणार असाल तर माझं काही म्हणणं नाही. पाकटाचं कालवण आमच्याही घरी होतं. पण तो निर्णय मासा हातात आल्याबरोबर घ्या. नेणार असाल तर लगेच मारा, सोडणार असाल तर नीट सोडा. शेपटी तोडून सोडणं म्हणजे दोन्ही नाही.

बाबाही पूर्वी शेपटी तोडत. का थांबले ते पुढे सांगते.

आधी काटा कुठे आहे ते शिका

पाकटाची भीती म्हणजे त्याच्या काट्याची भीती. पण पुष्कळांना काटा नेमका कुठे असतो तेच माहीत नसतं. शेपटीच्या टोकाला असतो असं समजून माणसं टोकापासून लांब राहतात आणि बुडखा हातात धरतात. काटा बहुतेक वेळा बुडख्याच्याच बाजूला असतो. आपल्याकडे जी लांब, चाबकासारख्या शेपटीची पाकटं मिळतात त्यांचा काटा शेपटीच्या बुडख्याकडच्या एक-तृतीयांश भागात सापडतो. शेपटीच्या खालच्या अंगाला काळा रुंद पडदा लोंबणारं जाडजूड पाकट असेल तर त्याचा काटा बराच मागे असतो. टोकदार पंखांची, पाण्यात उडत गेल्यासारखी पोहणारी जी असतात त्यांचा काटा अगदी मुळाशी. कधी एकाला दोन काटेही असतात. जुना पडायच्या आत नवा उगवलेला असतो.

हा काटा हाडाचा नाही. शार्क आणि पाकटांच्या कातडीवर दातांसारखे बारीक खवले असतात, त्यातल्याच एकाचं हे वाढलेलं रूप. दोन्ही कडांना करवतीसारखे दात, आणि ते मागे वळलेले, म्हणजे आत जाताना सहज जातो आणि बाहेर येताना मांस फाडत येतो. खालच्या बाजूला लांबीभर दोन खोबणी, त्या खोबणींत विषाच्या पेशी, आणि सगळ्यावर पातळ कातडीचं म्यान. जखमेत ते म्यान फाटतं, त्याचे तुकडे आत राहतात. दुखणं लांबतं ते बऱ्याचदा या तुकड्यांमुळे.

शेपटी वर येते आणि पाठीवरून पुढे येते, विंचवासारखी. म्हणून "मी डोक्याच्या बाजूला उभी आहे, मला काही होणार नाही" हा हिशेब चुकीचा. लहान पाकट स्वतःच्या डोक्यापर्यंत काटा आणू शकतं. पाठीवर हात टेकायचा नाही, पाय तर नाहीच.

पण एक गोष्ट मनात पक्की ठेवा: पाकट अंगावर धावून येत नाही. त्याच्यावर पाय पडला, दाबलं, अडवलं तरच ते शेपटी उचलतं. २०१३ साली मुंबईत गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला पाण्यात उतरलेल्या पुष्कळ जणांना पाकटांनी दंश केला, तेव्हापासून दरवर्षी विसर्जनाच्या सुमारास पाण्यात जपून उतरण्याच्या सूचना निघतात. ती पाकटं वाळूत अंग पुरून बसली होती आणि अनवाणी पाय त्यांच्यावर पडले. आपणही गरी टाकायला घोटाभर, गुडघाभर पाण्यात उतरतो. पाय उचलून टाकू नका, तळाला घासत पुढे सरकवा. वाळू हलली की पाकट आपणहून निघून जातं. मी परततानाही तशीच घासत येते, मासा लागलेला असतानासुद्धा.

घरून निघतानाच

पाकट लागल्यावर पिशवीत शोधाशोध करायची नाही. माझ्या पिशवीत हे ठरलेलं असतं: लांब चोचीची पक्कड, तार कापायचं कटर, डोक्याला लावायची बॅटरी, एक गोणपाट, आणि आईच्या स्वयंपाकघरातला जुना, शिवणीच्या लाकडाचा पाट. पाटाचं लोक नवल करतात. त्याचं काम येतंच.

गऱ्या साध्या पोलादाच्या घ्या, स्टेनलेस नको. तंगूस कापावं लागलं आणि गरी तोंडात राहिली तर साधी गरी गंजून निघून जायची शक्यता तरी असते. टोकाजवळचा उलटा दात पकडीने दाबून सपाट करा. "मग मासा सुटेल की!" असं सगळे म्हणतात. तंगूस ताणलेलं ठेवलंत तर सुटत नाही. माझे मासे त्यामुळे कमी झालेत असं मला कधी वाटलं नाही, आणि एकदा गरी माझ्याच अंगठ्यात गेली ती चिमटीने निघाली. गोल वळणाच्या, टोक आत वळलेल्या गऱ्या मिळाल्या तर आणखी चांगलं. त्या ओठाच्या कोपऱ्यात लागतात, घशात सहसा जात नाहीत. फक्त त्यांना हिसका द्यायचा नाही, ओढ लागली की नुसतं गुंडाळत जायचं.

आमिष किती वेळ तळाशी सोडता तेही बघा. रॉड वाळूत रोवून चहा प्यायला टपरीवर गेलेल्या माणसाच्या पाकटाने गरी पोटापर्यंत गिळलेली असते. रॉडजवळ राहा.

पाकट नकोच असेल तर आमिष तळावरून उचला. फ्लोट लावा, हातभर वर ठेवा. पाकटाचं तोंड खालच्या अंगाला आहे, ते तळावरचं खातं.

ओढताना

पाकट लागलं की पहिल्यांदा वाटतं गरी खडपात, म्हणजे खडकात अडकली. मग खडप हळूच चालायला लागतं. जरा मोठं असेल तर मध्येच ते तळाला अंग चिकटवून बसतं, आणि मग कितीही ओढा, हलत नाही. इथे जोर करणारे तंगूस तोडून घेतात, आणि तुटलेलं वीसेक हात तंगूस त्या माशाच्या तोंडाला लोंबत राहतं.

बाबांनी शिकवलेली युक्ती अशी: तंगूस ताणून धरायचं आणि त्यावर बोटाने टिचक्या मारायच्या, वीणेच्या तारेवर मारावं तशा. ते कंपन त्याला सोसत नाही, ते उठतं. नाही उठलं तर उलटं करायचं. "अगो बाय, सैल सोड जरा," असं बाबा म्हणायचे. अर्धा मिनिट तंगूस सैल सोडलं की त्याला वाटतं सुटलो, ते तळ सोडतं, आणि ते तरंगतं आहे तोवर आपण दोन-चार वाव (पसरलेल्या दोन हातांएवढं माप) आत घ्यायचं. घाई नको, पण उगाच खेळवतही बसू नका. दमून निपचित झालेलं पाकट सोडल्यावर बराच वेळ सावरत नाही. त्यासाठी तंगूस जरा जाडच ठेवा.

किनाऱ्याला आणताना लाटेचा उपयोग करा. येणाऱ्या लाटेबरोबर ओढायचं, जाणाऱ्या लाटेला नुसतं धरून ठेवायचं. दोन-तीन लाटांत ते ओल्या वाळूवर येतं. तिथेच थांबा. कोरड्या वाळूवर ओढत नेऊ नका. एप्रिल-मेच्या दुपारी आमच्याकडची कोरडी वाळू पायाला चटके देते, मग त्याच्या पोटाची काय गत होईल. शिवाय वाळूचे कण त्याच्या डोळ्यांमागच्या भोकांत जातात. ती भोकं म्हणजे त्याचं नाक समजा. तळावर बसलेलं असताना ते तिथून पाणी आत घेतं आणि पोटाकडच्या कल्ल्यांतून सोडतं. त्या भोकांत बोटं घालून पाकट उचलायची पद्धत आमच्या बंदरात सर्रास आहे, धरायला सोयीची आहे म्हणून. मारायच्या माशाला चालेल. सोडायच्या माशाला तसं धरू नका. गॅफ (मासा ओढायची आकड्याची काठी) पंखात मारू नका. शेपटीला धरून तर कधीच उचलू नका. त्याचा कणा कुर्च्यांचा आहे, सगळं वजन शेपटीवर टांगलं की तो सांध्यात ताणला जातो, आणि काटाही तुमच्या मनगटाशी येतो.

पर्यटकांच्या मोसमात इथेच खरी अडचण सुरू होते. पाकट बाहेर आलं की पाच मिनिटांत वीस माणसं जमतात. मुलं पुढे येतात, कुणी शेपटीला काडी लावतं, कुणी फोटोसाठी उचला म्हणतं, एखादं कुत्रंही येतं. मी आता माशाकडे बघायच्या आधी गर्दीतला एक जाणता माणूस हेरते आणि सांगते, "दादा, तुम्ही या सगळ्यांना दहा पावलं मागे धरा." काम दिलं की माणूस ते मन लावून करतो.

गरी काढणं

आता पाट.

पाकट पोटावर, ओल्या वाळूवर, डोकं समुद्राकडे. गोणपाट समुद्राच्या पाण्यात भिजवून चौपदरी करायचा आणि बाजूने, पंखाच्या कडेपासून लांब राहून, शेपटीच्या बुडख्यावर टाकायचा. त्यावर पाट आडवा ठेवायचा. बरोबरच्या माणसाने एका हाताने पाट दाबून धरायचा, शेपटी हलणार नाही इतपतच. सगळं वजन टाकून चिरडायचं नाही. गोणपाट किंवा हातमोजा काट्याला अडवतो असं समजू नका. काटा गमबुटातूनही आत गेलेला मी पाहिलाय. गोणपाट शेपटीला बसवतो, आणि पाट तुमच्या हाताला काट्यापासून वेगळं ठेवतो, एवढंच त्यांचं काम.

एकटे असाल आणि पाकट दीड-दोन फुटांहून रुंद असेल तर इथेच थांबा. कटरने तंगूस जितकं तोंडाजवळ पोचता येईल तिथे कापा आणि जाऊ द्या. गरी दीडशे रुपयांचीही नसते.

पाकटाच्या डोळ्यांवर ओल्या फडक्याची घडी ठेवली की ते पुष्कळ शांत होतं. मग पुढची कड, जिथे नाक असतं तिथे, पकडीच्या पाठीने किंवा हातमोजा घातलेल्या हाताने वितभर उचला. खाली तोंड दिसेल. बघायला हसऱ्या माणसाच्या तोंडासारखं वाटतं म्हणून मुलं त्याला हात लावायला जातात, पण आतले दात शिंपले फोडणारे आहेत. बोट आत घालायचं नाही. गरीची मान पकडीत धरा, ज्या वाटेने गेली त्याच वाटेने वळवून मागे घ्या. उलटा दात दाबलेला असेल तर एका वळणात निघते.

गरी दिसतच नसेल, घशात असेल, तर शोधू नका. आत पक्कड घालून ओढली की घसा नाहीतर कल्ला फाटतो. तंगूस तोंडाशी कापा.

ताटाएवढं लहान पाकट काही जण पाठीवर उलटं करून गरी काढतात. उलटं केलं की ते काही क्षण स्तब्ध होतं हे खरं. पण शेपटी तेव्हा मोकळी असते, आणि कधी जागं होईल सांगता येत नाही. मी करत नाही.

सगळं मिळून दोन मिनिटं. मी मनात आकडे मोजते. तोवर कुणीतरी डब्याने हळूहळू पाणी ओतत राहिलं तर उत्तम.

पोट फुगलेली मादी

बाबांनी शेपटी तोडणं थांबवलं त्याची गोष्ट इथे येते. काळबादेवीला संध्याकाळच्या भरतीला त्यांना मोठं पाकट लागलं, पंख पसरून तीन फूट भरलं असतं. बाहेर ओढलं, बाबा कोयता आणायला पिशवीकडे गेले, आणि मी बघत असताना त्या पाकटाच्या शेपटीच्या मुळाशी काहीतरी गुंडाळी बाहेर आली. मला आतडं वाटलं. गुंडाळी वाळूवर उलगडली तर तळहाताएवढं पाकट. पंख, डोळे, शेपटी, सगळं पुरं. पाठोपाठ दुसरं. बाबा कोयता हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी तो वाळूत ठेवला, आमिषाचा डबा रिकामा केला, दोन्ही पिल्लं पाण्यासकट त्यात घेतली आणि खाडीच्या बाजूच्या संथ पाण्यात सोडून आले. आईलाही सोडली. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी कधी पाकटाला कोयता लावला नाही.

आपली ही काटेवाली पाकटं अंडी घालत नाहीत, पोटात पिल्लं वाढवतात, आणि तीही थोडीच, एका वेळेला एक ते चार. आईच्या गर्भाशयात दुधासारखा स्राव पाझरतो, त्यावर ती पोसतात. माशांमध्ये असं असतं हे कळलं तेव्हा प्रसूती कक्षातली माझी ड्यूटी चालू होती, म्हणून असेल, ते माझ्या मनात फार खोल गेलं. तारली नाहीतर बांगडा हजारोंनी अंडी टाकतो. पाकटाचं तसं नाही. एक मादी मेली की भरपाईला वर्षं लागतात.

गाभण मादी पकडली गेली, ओढली गेली, वाळूवर पडली की ताणाने अपुऱ्या दिवसांचीही पिल्लं टाकते. म्हणून पाठ मध्ये उंच आलेली, शेपटीच्या मुळाजवळ फुगलेली, जाडसर दिसणारी मादी असेल तर मी तिला वाळूवर आणतच नाही. घोटाभर पाण्याच्या कडेला तंगूस कापते. पिल्लं पडलीच तर हातात घेऊ नका, जन्मतःच त्यांना काटा असतो. डब्यात पाणी घेऊन त्यात सरकवा आणि लाटा फुटत नाहीत अशा जागी सोडा.

पाकटासारखे दिसणारे दुसरे

पुढून पाकट आणि मागून मुशीसारखा, म्हणजे शार्कसारखा दिसतो तो रांजा. त्याला विषारी काटा नाही, फक्त पाठीवर बारीक खरखरीत काटे असतात. तो पकडून ठेवायचाच नाही. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मोठा रांजा, करवत मासे आणि पाठभर काटे असलेलं काटेरी पाकट आले. २०२२ च्या दुरुस्तीने ही यादी वाढली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. रांजाच्या जाती पुळणीवर एकमेकांपासून ओळखणं कठीण आहे. मी सरसकट सगळे सोडते. जगभरात या कुळातले बहुतेक मासे संपायच्या काठावर आलेत.

दुसरा, गोल, मऊ, भाकरीसारखा, जाड आखूड शेपटीचा, शेपटीवर पंख असलेला. हा विजेचा धक्का देतो. त्याला ओल्या हाताने शिवू नका. रबरी मुठीच्या पक्कडीने गरी काढा किंवा तंगूस कापा. धक्क्याने माणूस दगावत नाही, पण हात झिणझिणून रॉड सुटतो आणि पाण्यात तोल जातो.

परत पाण्यात

फेकायचं नाही. गोणपाट हळूच पाकटाखाली सरकवा, दोघांनी दोन-दोन टोकं धरा, झोळीसारखं उचला आणि पोटऱ्या बुडतील इतक्या पाण्यात न्या. शेपटी झोळीच्या बाहेर, दोघांपासून लांब, समुद्राच्या उलट बाजूला. डोकं खोल पाण्याकडे. झोळी खाली टेकवून एक बाजू सोडा आणि थांबा.

डोळ्यांमागची भोकं उघडमीट करताना दिसली की ते श्वास घेतंय. बहुतेक वेळा पंखांची एक लहर उठते आणि ते निघून जातं. काही वेळा तसंच बसून राहतं, एक-दोन मिनिटं. बसू द्या, ढकलू नका. लाटेने उलटं झालं तर काठीने सरळ करा, पोट वर असताना ते सावरत नाही. तुम्ही मात्र लगेच मागे फिरा, पाय घासत, त्याच्याकडे तोंड ठेवून.

काटा लागलाच तर

१९९८ च्या मे महिन्यात बाबांना काळबादेवीला काटा लागला. मी तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि सुट्टीत घरी आले होते. घोट्याच्या वर, बोटभर खोल. रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्या लोकांनी चुना लावला, मग कुणी रॉकेल ओतलं, वर घट्ट दोरी बांधली. एका दवाखान्यात नेलं, तिथे दुखणं कमी होण्याचं इंजेक्शन देऊन पट्टी बांधली. रात्रभर बाबा चटईवर लोळत होते, दात आवळून. मी शिकत होते आणि मला काही करता येत नव्हतं. जखम महिनाभर वाहिली. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा आत काट्याचं टोक दिसलं.

जे करायला हवं होतं ते घरात चुलीवर होतं. गरम पाणी.

पाकटाचं विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने ते निकामी होतं. म्हणून माणसाला पाण्यातून बाहेर काढा, बसवा, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. जखम धुवा. मग हात किंवा पाय गरम पाण्यात बुडवा, सोसेल तितकं गरम, पण ४५ अंश सेल्सिअसच्या वर नाही. अर्धा तास ते दीड तास. पाणी निवलं की पाय बाहेर काढून आणखी गरम पाणी घाला, ढवळा आणि पुन्हा बुडवा. लवकर बाहेर काढलात तर दुखणं परत येतं.

पाण्याचा अंदाज असा. बादलीत तीनेक लिटर समुद्राचं पाणी घ्या, त्यात निळ्या थर्मासातलं १ लिटर थोडं थोडं ओता. साधारण बेताचं होतं. तापाचा थर्मामीटर वापरू नका, तो ४२ अंशांपर्यंतच जातो. ज्याला लागलंय त्याच्या चांगल्या पायाने, नाहीतर तुमच्या कोपराने बघा. दुखऱ्या पायाला गरम किती ते कळत नाही. भाजलेले पाय मी वॉर्डात पाहिलेत. एक थर्मास दीड तास पुरत नाही, म्हणून जवळच्या टपरीवर नाहीतर घरात कुणाला तरी पाणी तापवायला पिटाळा, आणि तोवर चहाचं पाणीही चालेल.

दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ नाही, रॉकेल, चुना, हळद काही नाही. एकदा रापणीवरचा एक मुलगा ओरडत आमच्याकडे आला होता. वीस मिनिटं गरम पाण्यात पाय ठेवल्यावर त्याने माझ्याकडे चहा मागितला.

दुखणं थांबलं तरी दवाखान्यात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि आत तुकडा आहे का ते बघायला एक्स-रे, या दोन गोष्टी मागून घ्या. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी त्याच दिवशी जावं. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू अशा माणसांत फार झपाट्याने पसरतात. लाली चढत गेली, ताप आला, फोड आले तर रात्र काढू नका.

काटा छातीत, पोटात किंवा मानेत रुतला असेल तर तो उपसायचा नाही. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात टीव्हीवर वन्यप्राण्यांचे कार्यक्रम करणारे स्टीव्ह आयर्विन गेले ते पाकटाचा काटा छातीत लागूनच. अशा वेळी काटा आहे तसा ठेवा, भोवती कापडाचा आधार द्या, माणसाला हलवू नका आणि १०८ ला फोन करा. गरम पाण्यात वेळ घालवू नका.

निघण्याआधी

तंगुसाचे कापलेले तुकडे गोळा करून पिशवीत. गोणपाट धुऊन, पिळून. आणि कुणी आधी तोडून टाकलेली शेपटी पुळणीवर दिसली तर ती तशी सोडू नका. मेलेल्या पाकटाचा काटाही तितकाच लागतो, आणि सकाळी तिथे मुलं अनवाणी धावतात. पकडीने काटा मुळाशी धरून बाटलीत टाका, झाकण लावा. माझ्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात त्यासाठी एक रुंद तोंडाची बरणी आहे. बाबांच्या घोट्यातून निघालेलं टोकही त्यांनी तशाच एका बरणीत ठेवलं होतं, ते अजून घरी आहे, नखाएवढं.